उपसण्यापेक्षा म्यान करणं अवघड

"डॉक्टर, मी गोळी चालवलीच नाही हो. मी ते नुसतं ठेवत होतो."

स्ट्रेचरवरच्या एका पेशंटचं हे वाक्य. ऐकून बरीच वर्षं झाली, पण विसरलेलो नाही. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) चाळिशी ओलांडलेले गृहस्थ. रीतसर परवाना, रीतसर रिव्हॉल्व्हर, कमरेला चामड्याचं होल्स्टर. संध्याकाळी मुलीला क्लासवरून आणायला गेले होते. गाडीत बसल्यावर कमरेला रुततं म्हणून त्यांनी रिव्हॉल्व्हर काढून शेजारच्या सीटवर रुमालाखाली ठेवलं होतं. मुलगी समोरून येताना दिसली. ती गाडीत बसायच्या आत ते परत कमरेला जायला हवं, म्हणून त्यांनी बसल्या बसल्या, एका हाताने, खाली न बघता ते होल्स्टरमध्ये खुपसलं. एक बोट चापावर राहिलं होतं. काहीतरी अडतंय असं वाटलं, म्हणून जोर दिला. आवाज झाला.

गोळी उजव्या मांडीच्या वरच्या भागात बाहेरच्या बाजूने शिरली आणि मागून निघून सीटमध्ये घुसली. मोठी रक्तवाहिनी वाचली, हाडही वाचलं. पण मांडीच्या मागून जाणारा मोठा मज्जातंतू दुखावला. 'सायटिका' म्हणून ज्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, तोच हा. दोन ऑपरेशनं झाली. आज ते चालतात, पण पाऊल उचललं जात नाही. बुटात प्लास्टिकची पट्टी घालावी लागते. मुलीचा हात तेव्हा गाडीच्या दाराच्या कडीवर होता. दाराची कडी आणि ती गोळी यांच्यात फार अंतर नव्हतं. हे ते स्वतःच मला पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टरसाहेब, आजवर मधुमेह, रक्तदाब, लसी यांवर लिहिलंत. हे पिस्तुलाचं काय मध्येच? आमच्या घरात तर विळीपेक्षा धारदार काही नाही.

मुद्दा विळीचाही आहेच. त्याच्याकडे येतो.

काम संपलं, असं मनाला वाटतं तेव्हा

मी इंटर्न होतो तेव्हाची गोष्ट. नव्वदचं दशक, एक मोठं सरकारी हॉस्पिटल, रात्रीचे तीन. एका पेशंटचं रक्त काढलं. शीर चटकन सापडली, रक्त नीट आलं, पेशंटला दुखलंही नाही. स्वतःवर खूश होऊन सुईवर टोपण बसवायला गेलो आणि सुई थेट माझ्या डाव्या बोटात. पुढचे सहा महिने मी स्वतःचं रक्त तपासून घेत होतो. एचआयव्हीच्या नावानेच माणसं थरथरत, असा तो काळ. रिपोर्ट दर वेळी चांगला आला, पण त्या सहा महिन्यांत किती रात्री झोप लागली नाही ते मला माहीत.

गंमत पाहा. सुई टोचताना माझं सगळं लक्ष सुईवर होतं. टोचून झाल्यावर लक्ष उडालं. मनाने "झालं काम" अशी नोंद केली होती, आणि सुई मात्र तेवढीच टोकदार होती.

हे माझ्या एकट्याचं नव्हतं. जगभर आरोग्य कर्मचाऱ्यांना सुया टोचण्याचं एक मोठं कारण हेच निघालं: वापरून झालेल्या सुईवर टोपण बसवणं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेने १९८७ मध्ये सांगून टाकलं की वापरलेल्या सुईला टोपण लावूच नका, सरळ जाड डब्यात टाका. आज कुठल्याही दवाखान्यात सुयांसाठीचा तो पांढरा, छिद्र न पडणारा डबा दिसतो, तो या शहाणपणातून आलेला आहे. नुसतं "नीट लक्ष द्या" असं सांगून काम झालं नाही. ठेवण्याची रीतच बदलावी लागली.

आणि विळी? विळी उभी ठेवून उठलं की माझी आजी ओरडायची, "आडवी कर आधी!" भाजी चिरताना बोट कापणारे कमी, उभ्या विळीवर पाय पडणारे, रांगतं पोर जाणारे जास्त, हे तिला शिकवायला कुणी आलं नव्हतं. घरातल्या प्रत्येक धारदार वस्तूला 'ठेवण्याची' एक रीत असते आणि ती वापरण्याच्या रीतीइतकीच महत्त्वाची असते.

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे: हातातलं शस्त्र परत ठेवणं हा वापराचाच भाग आहे, आणि तो सर्वांत निष्काळजीपणे केला जाणारा भाग आहे. उपसण्याची घाई एखाद्या वेळी असू शकते. म्यान करण्याची घाई कधीच नसते.

नामवंतांनाही हे चुकत नाही

१ ऑक्टोबर २०२४ ची पहाट आठवत असेल. अभिनेता गोविंदा मुंबईतल्या आपल्या घरातून कोलकात्याला निघायच्या तयारीत होता. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटून पडलं, गोळी सुटली आणि डाव्या पायात गुडघ्याखाली लागली, असं तेव्हा सांगण्यात आलं. ऑपरेशन करून गोळी काढली, काही दिवसांत तो घरी गेला. समाजमाध्यमांवर विनोदांचा पाऊस पडला. मला हसू आलं नाही. पहाट, प्रवासाची घाई, आणि 'तेवढं कपाटात टाकून निघू' हा विचार. माझ्या पेशंटच्या गोष्टीत आणि यात फरक फक्त गाडी आणि कपाटाचा.

हा प्रश्न मुळात अमेरिकेत फार मोठा आहे. तिथे निम्म्याहून अधिक राज्यांत प्रौढ माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल अंगावर लपवून बाळगता येतं. म्हणजे लक्षावधी लोक रोज सकाळी पिस्तूल कमरेला लावतात आणि रात्री काढून ठेवतात. इतक्या वेळा उपसणं आणि ठेवणं होत असेल तर अपघात होणारच. तिथे दरवर्षी साधारण पाचशे माणसं निव्वळ अपघाताने सुटलेल्या गोळीने मरतात. जखमी होऊन जगणारे त्याहून कितीतरी जास्त. आपल्यापैकी अनेकांची मुलं, भाचे, पुतणे आज टेक्सास-जॉर्जियात राहतात. त्यांच्यातल्या काहींनी शेजाऱ्यांचं पाहून पिस्तूल घेतलेलं आहे. ते मला सुट्टीत भेटले की सांगतात, फक्त आईला सांगू नका म्हणतात.

तिथलं एक प्रसिद्ध उदाहरण सांगतो. प्लॅक्सिको बरेस हा अमेरिकन फुटबॉलचा मोठा खेळाडू. फेब्रुवारी २००८ मध्ये सुपर बोलचा निर्णायक टचडाऊन त्याच्या नावावर. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस तो न्यूयॉर्कच्या एका नाइट क्लबमध्ये गेला. कमरेला पिस्तूल, पण होल्स्टर नाही. नुसतं ट्रॅकपँटच्या इलॅस्टिकमध्ये खोचलेलं. ते घसरायला लागलं. त्याने झटकन वरून पकडलं आणि गोळी त्याच्याच उजव्या मांडीत गेली. सुदैवाने मोठी रक्तवाहिनी वाचली. न्यूयॉर्कचा परवाना नसल्याने पुढे दोन वर्षांची शिक्षा झाली. खेळाडू म्हणून ऐन भरातली वर्षं तुरुंगात गेली.

बरं, 'तो खेळाडू, त्याला काय कळतंय' असं म्हणाल, तर जून २०१८ ची डेन्व्हरची गोष्ट ऐका. सुट्टीवर असलेला एफबीआयचा एक अधिकारी बारमध्ये नाचत होता. नाचता नाचता त्याने मागे कोलांटी मारली, कमरेचं पिस्तूल जमिनीवर पडलं. घाईघाईने ते उचलताना गोळी सुटली आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या पायात लागली. प्रशिक्षण भरपूर होतं. पण ओशाळलेला माणूस वस्तू पटकन उचलून लपवायला बघतो, आणि तेवढ्यात सगळं प्रशिक्षण विसरतो.

गोळी 'आपोआप' सुटते का?

वर्तमानपत्रांत नेहमीचं वाक्य असतं: "पिस्तूल साफ करताना अचानक गोळी सुटली." जणू गोळीच्या मनात आलं आणि ती निघाली.

बहुतेक वेळा काय होतं ते समजून घेऊ. पिस्तुलाच्या चापाभोवती एक कडी असते. होल्स्टरचं खरं काम पिस्तूल मिरवणं नाही. ती कडी पूर्ण झाकणं हे आहे. कडी झाकली की चापाला काही लागू शकत नाही. म्हणजे पिस्तूल होल्स्टरमध्ये नीट बसलेलं असताना सुरक्षित, हातात शिस्तीने धरलेलं असताना बऱ्यापैकी सुरक्षित. आणि हातातून होल्स्टरमध्ये जातानाचे ते दोन सेकंद सर्वांत धोक्याचे. कारण त्या दोन सेकंदांत गोळी भरलेली वस्तू तुम्ही तुमच्याच शरीराकडे तोंड करून ढकलत असता.

या दोन सेकंदांत चापाला काय काय लागू शकतं?

पहिलं, आपलंच बोट. बोट कडीच्या आत राहिलं तर होल्स्टरची कड त्या बोटाला अडवते. पिस्तूल खाली जातं, बोट तिथेच राहतं, म्हणजेच चाप ओढला जातो. माझ्या पेशंटचं हेच झालं. त्यांना 'अडतंय' असं जे वाटलं, ते त्यांचं स्वतःचं बोट होतं.

दुसरं, कापड. बाहेर आलेलं शर्टाचं टोक, जॅकेटची किनार, ओढणी, उपरणं.

तिसरं, दोरी. विंडचीटरच्या कमरेला जी दोरी असते आणि तिच्या टोकाला प्लास्टिकचा मणी असतो, तो मणी कडीत बरोबर मावतो.

चौथं, खुद्द होल्स्टर. चामड्याचं होल्स्टर वापरून वापरून मऊ पडतं, तोंडाशी आत दुमडतं. ती दुमड चापावर बसते. वरून बंद करायचा पट्टाही असाच आत जाऊ शकतो. वडिलांच्या आठवणीचं म्हणून चाळीस वर्षांपूर्वीचं होल्स्टर वापरणारे लोक मी पाहिलेत. आठवण भिंतीवर टांगा. कमरेला नवं, ताठ, त्याच मॉडेलच्या मापाचं होल्स्टर लावा.

आणि पडल्यावर गोळी सुटते का? जुन्या घडणीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये मागचा घोडा थेट काडतुसावर टेकलेला असतो. त्या घोड्यावर पडलं तर सुटू शकते. हल्लीच्या चांगल्या शस्त्रांत हे टाळण्यासाठी आत अडसर असतो. पण तो अडसर जुना झालाय का, मोडलाय का, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून पडणारं शस्त्र झेलायला जायचं नाही. पडू द्यावं. हवेत झेलायला जाणारं बोट नेमकं चापावरच बसतं. हातातला चहाचा कप झेलण्याची सवय इथे जिवावर बेतते.

ठेवण्याची रीत

मी नेमबाजीचा प्रशिक्षक नाही. खाली जे लिहितोय ते चांगले प्रशिक्षक जगभर शिकवतात तेच आहे. मी फक्त त्यामागे कुठली जखम टळते ते पाहिलेलं आहे. ज्यांच्याकडे परवान्याचं शस्त्र आहे, ज्यांच्या घरी पोलीस, अंगरक्षक किंवा सुरक्षारक्षक आहे, त्यांनी हे वाचावं आणि मग आपल्या प्रशिक्षकाकडून हातात धरून शिकावं.

एक. आधी थांबा. एक श्वास घ्या. 'आता हे ठेवायची खरंच घाई आहे का?' असं मनात विचारा. उत्तर नेहमी 'नाही' असंच असतं.

दोन. बोट सरळ, चापाच्या कडीच्या बाहेर, शस्त्राच्या अंगाला चिकटवून ठेवा. बोटाला ते जाणवायला हवं.

तीन. दुसऱ्या हाताने शर्ट, जॅकेट पूर्ण वर उचला आणि होल्स्टरचं तोंड मोकळं करा. हा हात नळीच्या समोर येता कामा नये.

चार. खाली बघा. सिनेमातला नायक नजर समोर ठेवून पिस्तूल खटकन कमरेला लावतो, कारण त्यात गोळी नसते. तुम्ही बघा. बघण्यात कमीपणा नाही.

पाच. ज्या शस्त्राला सुरक्षा-कळ आहे त्याची कळ लावा. घोडा बाहेर दिसतो अशा शस्त्रात तो खाली असल्याची खात्री करून ठेवताना त्यावर अंगठा ठेवा. आतून काही चापाला ढकलत असेल तर घोडा अंगठ्याखाली हलू लागतो आणि तुम्हाला वेळेत कळतं. ग्लॉकसारख्या पिस्तुलांना वेगळी कळ नसते. तिथे तर बोट आणि कापड यांच्याशिवाय मध्ये काही नाही, हे लक्षात ठेवा.

सहा. हळू सरकवा. कुठेही अडलं, की जोर द्यायचा नाही. पूर्ण बाहेर काढायचं, आत काय आहे ते बघायचं, मग पुन्हा. या लेखातली एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

सात. बसून, गाडीत, चालताना, फोनवर बोलताना ठेवू नका. उभं राहा, पाय किंचित फाकवा, नळीचं तोंड शरीरापासून जरा बाहेर राहील असं बघा. पोटाच्या पुढे होल्स्टर लावणाऱ्यांनी तर होल्स्टर कमरेवरून काढावं, शस्त्र त्यात टेबलावर, सुरक्षित दिशेला तोंड करून बसवावं, आणि मग दोन्ही एकत्र कमरेला लावावं. त्या जागी नळी नेमकी कुठे रोखलेली असते हे डॉक्टरने सांगायची गरज नसावी.

आठ. मुळात कमी वेळा काढा. दिवसभरात जितक्या वेळा काढाल तितक्या वेळा ठेवावं लागेल. मित्रांना दाखवायला काढणं, गाडीत रुततं म्हणून काढणं, हे सगळे धोके आपण उगाच वाढवतो.

जांघेत काय असतं?

आता माझ्या प्रांतात येतो. कमरेला होल्स्टर लावलं की नळीच्या रेषेत शरीराचा कुठला भाग येतो? बाजूला लावलं तर मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल. पुढे लावलं तर जांघ.

जांघेत मध्यभागी हात ठेवलात तर ठोका लागतो. ही मांडीची मुख्य शुद्ध रक्तवाहिनी. जाडीला करंगळीपेक्षा थोडी कमी. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातलं दोनेक लिटर गेलं की जीव धोक्यात येतो. ही रक्तवाहिनी पूर्ण तुटली तर तेवढं रक्त जायला काही मिनिटं पुरतात. त्यात मांडीचे स्नायू इतके मोठे असतात की लिटरभर रक्त बाहेर एक थेंबही न दिसता आत साठू शकतं. 'छिद्र तर एवढंसं आहे' असं म्हणून घरीच पट्टी बांधून बसलेले लोक म्हणूनच दगावतात.

गोळी लागलीच तर काय करायचं?

आधी शस्त्र बाजूला, जमिनीवर, कुणाकडेही तोंड नसेल असं ठेवा. त्यातल्या गोळ्या काढण्याच्या भानगडीत त्या क्षणी पडू नका. कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.

मग दाब. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी, कोपर सरळ ठेवून, अंगाचा भार देऊन दाबा. 'थांबलं का?' म्हणून दर मिनिटाला उचलून बघू नका. बघितलंत की धरलेली गाठ सुटते.

पायातून रक्ताची धार लागली असेल आणि दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर, हृदयाच्या बाजूला, ५ ते ७ सेंटिमीटरवर रक्त थांबवण्याचा रुंद पट्टा आवळायचा. गुडघ्यावर नाही. रक्त थांबेपर्यंत आवळायचा. पेशंट ओरडेल, कारण ते खूप दुखतं. म्हणून सैल करायचा नाही. वेळ लिहून ठेवायची आणि तो पट्टा डॉक्टरच सोडतील. दांडी पिळून आवळायचे तयार पट्टे मिळतात. शस्त्र बाळगणाऱ्याने तो गाडीत ठेवलाच पाहिजे. सुतळी, वायर, बुटाची नाडी नको. त्या कातडीत रुततात, पण आतलं रक्त थांबत नाही.

जांघेत पट्टा बसत नाही. तिथे जखमेत कापड बोटाने खोलवर ठासून भरायचं आणि हॉस्पिटलमध्ये पोहोचेपर्यंत दाब सोडायचा नाही.

हळद, चहापूड, तंबाखू काही भरू नका. पाणी, चहा पाजू नका. ऑपरेशन लागू शकतं. चाकू तापवून गोळी काढणं फक्त सिनेमात. आम्ही सर्जनसुद्धा प्रत्येक गोळी काढतोच असं नाही. स्नायूत शांत बसलेली गोळी काढताना जास्त नुकसान होणार असेल तर ती तिथेच राहू देतो. सांध्यात असेल, नसेवर दाबत असेल तर काढतो. रक्तस्राव थांबवणं पहिलं, गोळी नंतर.

आणि पोलिसांच्या भीतीने उशीर करू नका. गोळीची जखम असली की हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, ते त्यांना करावंच लागतं. पण उपचार त्यासाठी थांबत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केलं आहे: आधी जीव वाचवायचा, कायद्याच्या औपचारिकता नंतर. अमेरिकेत तर २०१५ पासून 'स्टॉप द ब्लीड' नावाची मोहीमच चालू आहे. सामान्य माणसांना रक्त थांबवायला शिकवतात. आपल्याकडे गोळ्या कमी, पण रस्त्यावरचे अपघात किती! हे शिक्षण प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

"डॉक्टर, तुम्ही बंदुकीचं शिक्षण देताय?"

हा आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. माझं मत स्पष्ट सांगतो. घरात शस्त्र नसणं हेच बहुतेक कुटुंबांसाठी सर्वांत सुरक्षित. घरात वृद्ध आईवडील असतील, वयात आलेली मुलं असतील, कुणी नैराश्यातून जात असेल, तर शस्त्राने वाढणारा धोका चोरापेक्षा मोठा असतो. परवाना घ्यायचा विचार करणाऱ्या पेशंटला मी हेच सांगतो.

पण ज्याच्याकडे ते आहेच, त्याला 'नसतं तर बरं झालं असतं' एवढंच सांगून मी मोकळा होऊ शकत नाही. मोटारसायकल धोक्याची आहे म्हणून हेल्मेटबद्दल बोलायचं नाही, असं आपण करत नाही. आणि पोलिसांना तर शस्त्र बाळगावंच लागतं. निवडणूक आली की परवानाधारकांची शस्त्रं जमा करून घेतात. पोलिसाचं शस्त्र रोज कमरेलाच असतं.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो. "मी तीस वर्षं बाळगतोय, मला काय शिकवता?" माझा त्या रात्रीचा अनुभव आठवा. सुई टोचली ती मी नवशिका होतो म्हणून नाही. पहिल्या आठवड्यात मी टोपण लावताना हात थरथरत होता, म्हणून जपून लावायचो. सवय झाली आणि टोचली. सवय हाताला हुशार करते, पण डोळ्यांना आळशी करते. माझ्या त्या पेशंटनेही चौदा वर्षं काहीही न होता रिव्हॉल्व्हर बाळगलं होतं.

शस्त्र नियम २०१६ नुसार परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याला सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीने निष्काळजीपणे किंवा लग्नात हौसेने गोळीबार करून दुसऱ्यांचा जीव धोक्यात घालणं हाही शिक्षेचा गुन्हा झाला. चांगलंच झालं. माझी मागणी एवढीच, की त्या प्रशिक्षणात निशाण साधण्याला जेवढा वेळ देता, तेवढाच ठेवण्याला द्या. रिकाम्या शस्त्राने, पुन्हा पुन्हा, हळू हळू, बघून. आणि एकदा शिकून आयुष्यभर नाही, तर परवान्याच्या प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा. आम्हा डॉक्टरांना हृदय चालू करण्याचं प्रशिक्षण दर दोन वर्षांनी पुन्हा घ्यावं लागतं. त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

घरच्यांनाही एक सांगणं आहे. तो ड्यूटीवरून येतो, दमलेला असतो, शस्त्र काढून ठेवत असतो. त्या दोन मिनिटांत त्याला हाक मारू नका, पोराला त्याच्या अंगावर धावत सोडू नका, ताट वाढलंय म्हणून घाई करू नका. वहिनी, तो कपाटाला कुलूप लावून आला की मगच पाणी द्या.

माझे ते पेशंट मधूनमधून भेटतात. रिव्हॉल्व्हर त्यांनी परत केलं, परवानाही. मुलगी आता कॉलेजात जाते आणि स्वतः गाडी चालवते. परवा ते तपासणीला आले तेव्हा पायातली पट्टी बदलायची होती. जुनी काढून नवी बसवताना मी जरा घाई केली असावी, कारण ते हसून म्हणाले, "डॉक्टर, सावकाश. ठेवायची कसली घाई?"